बुटक्या वाढला कसा?

१

पारखी बाईंनी मापाची काठी तिसऱ्यांदा लावली, तिची आडवी पट्टी बुटक्याच्या खांद्यावर टेकवली, चष्मा कपाळावर सारून डोळे आकड्याजवळ नेले. तिसऱ्यांदाही तोच आकडा. एकशे पन्नास.

"हा काय चावटपणा आहे?" त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बुटक्या बिचारा फरशीवर शांत उभा होता. रंग तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, वय अकरा, आणि अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांत तीन वर्षांत नऊ पदकं. पोनी म्हणजे ठेंगणा घोडा, आणि ठेंगणा म्हणजे किती याला नियम आहे. नाल काढायचे, सपाट फरशीवर उभं करायचं, मानेच्या मुळाशी खांद्याचं हाड वर येतं तिथे मोजायचं. माप एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटरच्या आत हवं. आत असला तर बुटक्या आठ लाखांना सहज जाईल. वर गेला की तो पोनीच नाही, नुसता आखूड घोडा. मोठ्या घोड्यांत तो टिकणार नाही आणि पोनींत त्याला कोणी उभं करणार नाही. मग दीड लाख, तेही कोणी हौशी भेटला तर.

पण बाईंचं डोकं पैशावरून फिरलं नव्हतं. बुटक्या दीडशेचा असेल, तर ती नऊच्या नऊ पदकं लबाडीची ठरत होती. खोगीरखोलीत पोरांची कपाटं होती. त्यातल्या एकावर कोणीतरी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लबाड'. त्या कपाटासमोर बुटक्याची मालकीण उभी होती. तेरा वर्षांची पोर, सगळी पागा तिला टिकली म्हणायची. ती रडत नव्हती, नुसती बघत होती. रडली असती तर बाईंना इतका राग आला नसता.

"पाच वाजेपर्यंत किमतीचा कागद द्या, बाई," दलाल म्हणाला. तो खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला होता, बूट चकचकीत, पागेत कालच पहिल्यांदा आलेला. "दीड लाख मी आत्ता मोजतो. आईनं सही केली की तट्टू गाडीत."

"आणि मी उद्या सकाळी स्पर्धेच्या समितीला पत्र पाठवतो," सर म्हणाले. पागा त्यांची, शिकवणीही त्यांची. "पदकं परत. माझ्या पागेचं नाव खराब झालंय."

"पाचाला अजून तीन तास आहेत," बाई कडाडल्या. "तोवर इथून कोणी हललं तर याद राखा."

बाईंचा स्वभाव असा होता की पाठीमागे लोक त्यांना ठिणगी म्हणत. चाळीस वर्षं घोड्यांच्या किमती ठरवल्या, पण कोणाचा चहा घेतला नाही. त्यांच्या पिशवीत बुटक्याचा चार वर्षांपूर्वीचा सरकारी दाखला होता. त्यावर लिहिलं होतं, एकशे सत्तेचाळीस. तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि सातव्या वर्षानंतर घोडा उंच होत नाही. म्हणजे एक तर तो दाखला खोटा, नाहीतर आजचं माप. आणि आजचं माप त्यांनी स्वतःच्या हातानं घेतलं होतं.

२

सरांच्या ऑफिसात भिंतभर फोटो होते. प्रत्येक फोटोत सर होते, घोडा कुठे कुठे होता.

"मी फसलो," सर म्हणाले. "तिच्या आईनं मला दाखला दाखवला, मी विश्वास ठेवला. काल आम्ही दलालासमोर मोजला तर दीडशे. नाल मुद्दाम काढून मोजला, शंका नको म्हणून. आज तुम्हीही मोजलात. आता बोला."

"विकायला का काढला पण? पोरीचा जीव आहे त्याच्यावर."

"माझा नियम आहे. पोर एकशे पंचावन्नच्या वर गेलं की पोनीवरून खाली. टिकली एकशे छप्पन्न भरली."

"कधी मोजलीत?"

"महिना होईल. हंगामाच्या तोंडावर मी सगळ्या पोरांना मोजतो, त्याच काठीनं. यंदा एकूण एक पोर झपाट्यानं वाढलंय, बाई. खाण्यापिण्याचं मी स्वतः सांगतो ना." सरांची छाती जराशी फुगली.

तेवढ्यात दारात मोतद्दार आला. घोड्यांची चाकरी करता करता म्हातारा झालेला माणूस, पोरं त्याला मामा म्हणत. "सर, ते खांबांचं..."

"पुन्हा खांब!" सर टेबलावर हात आपटून उठले. "महिनाभर तेच रडगाणं! अडथळ्यांचे खांब वर्षानुवर्षं तेच, त्यांची भोकं तीच, आणि तू रोज सांगतोस की माप जुळत नाही! काम करायचं नसेल तर सरळ सांग. पुढच्या आठवड्यात सुतार बोलावतो आणि तुझ्या पगारातून कापतो. चल नीघ!"

मामा मान खाली घालून निघाला. बाई त्याच्या मागोमाग बाहेर पडल्या. म्हातारा अंगणात खांबाला टेकून उभा होता.

"काय जुळत नाही, मामा?"

"रोज सकाळी उडीचे दांडे लावायचे, बाई. खांबाला भोकं असतात. शंभरचं भोक, एकशे दहाचं भोक. सरांचा हुकूम आहे, दांडा लावला की मापाच्या काठीनं पुन्हा तपासायचं. बारा वर्षं जुळतंय. आता शंभरच्या भोकाला काठी लावली की एकशे तीन दाखवते. सगळीच भोकं तशी. मी काय खांब ओढून लांब केले?"

"हे कधीपासून?"

मामानं बोटांवर मोजलं. "घोड्यांचे नाल बदलले ना मागच्या खेपेला, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून."

बाईंनी ते ऐकलं, पण तेव्हा त्यांच्या डोक्यात सरांचा उद्धटपणाच घुमत होता. म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात? त्यांनी परत जाऊन सरांना चार शब्द सुनावले आणि मगच पुढे निघाल्या.

३

टिकलीची आई खोगीरखोलीतल्या बाकावर बसली होती. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. गळ्यात मापाची टेप तशीच, दुकान अर्धवट टाकून धावत आलेली. मांडीवर पोरीची स्पर्धेची पांढरी विजार.

"मलाच विचारा," बाईंनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "दाखला खोटा केला का, डॉक्टरला पैसे चारले का, विचारा! सकाळपासून सगळे तेच विचारतायत."

"मी दुसरंच विचारणार होते. ही विजार उसवताय की शिवताय?"

"उसवायला आणली होती. पोर एकशे छप्पन्न झाली म्हणतात, म्हटलं लांबी सोडावी. पण घालून बघितली तर अजून घोट्यावर तशीच्या तशी बसते. वर्षभरापूर्वी मीच शिवलीय." तिनं विजार आपटली. "बाई, मी लोकांच्या बोटा-बोटाच्या मापावर पोट भरते. एक इंच चुकला तर गिऱ्हाईक तोंडावर कपडा फेकतं. मी मापात खोटं करीन? आणि ते कपाटावर काय लिहिलंय, बघितलंत? मी पुसायला गेले तर ही पोरगी म्हणते, 'आई, पुसू नको, ज्यानं लिहिलंय त्यानंच पुसायला पाहिजे.'"

बाईंनी नाक फेंदारलं. हे त्यांचं रडू आवरण्याचं लक्षण होतं, पण ते माहीत असलेली माणसं फार थोडी होती.

बाहेर बुटक्याजवळ नालबंद बसला होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चामड्याचा अंगरखा, बाजूला अवजारांची पेटी. दर सहा आठवड्यांनी दुपारच्या जेवणानंतर यायचं, संध्याकाळपर्यंत सगळ्या घोड्यांचे नाल बदलायचे आणि जायचं, असा त्याचा क्रम. काल पाळी नसताना नाल काढायला मुद्दाम आला होता, आज पाय बघायला पुन्हा. टिकली त्याच्या शेजारी उकिडवी बसून बुटक्याचा पाय धरून होती.

"काका, याला दुखतंय का नाल नसल्यावर?"

"नाही गं. मऊ मातीवर ठेव त्याला." नालबंद प्रेमानं बोलत होता. मग बाईंकडे वळला. "वाईट वाटतं हो. चार वर्षांपूर्वी हिच्या आईनं आणला तेव्हा हा लंगडत होता. मातीमोल भावात मिळाला होता. खुरं वाकडी, टाचा चिरलेल्या. दर खेपेला थोडं थोडं तासून मी पाय सरळ केले याचे."

बाईंनी पुढचा पाय उचलून पाहिला. असं खूर त्यांनी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. गोल, एकसारखं, टाच मजबूत.

"अप्रतिम," त्या म्हणाल्या.

"आज सगळे किमतीचं बोलतायत," नालबंद हसून म्हणाला. "उड्या पोरीच्या, शिकवणी सरांची, घोडा आईचा. पायांचं नाव कोणी काढलं नाही. तुम्ही पहिल्या." हसता हसता त्यानं कानस पेटीत जरा जोरातच टाकली.

घड्याळात साडेचार झाले होते. आणि बाईंच्या हातात अजून काहीही नव्हतं.

४

आता बाई स्वतःवरच चिडल्या होत्या. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि एका तट्टानं गंडवावं? त्या मोजायच्या फरशीवर येरझारा घालू लागल्या. भिंतीला ती मापाची काठी उभी होती. जुनी, सागवानी, बुडाला झिजू नये म्हणून पितळी टोपण. आकडे पन्नासपासून वर सुरू होत होते, खाली कोरं लाकूड. घोडा काही गुडघ्याएवढा नसतो, खाली आकडे हवेत कशाला?

"मेली काठी," बाई म्हणाल्या आणि काठीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. पाय दुखत होते म्हणून चपला आधीच काढल्या होत्या. वरची आडवी पट्टी घसरली आणि टप्पकन त्यांच्या टाळूवर बसली.

"आई गं!"

डोकं चोळत त्या पट्टीखालून निघाल्या आणि सवयीनं आकडा वाचला. एकशे साठ.

त्या तिथेच थांबल्या. पुन्हा वाचला.

बाई आयुष्यभर एकशे अठ्ठावन्न होत्या. मागच्या वर्षी डॉक्टरनं मोजून सांगितलं होतं, 'वय झालं, एक सेंटिमीटर कमी झालात, सत्तावन्न.' त्या डॉक्टरशी बाईंनी आठवडाभर अबोला धरला होता, त्यामुळे आकडा पक्का लक्षात होता. साठी उलटलेली बाई वर्षभरात तीन सेंटिमीटर वाढली? बुटक्या तीन वाढला. खांबांची भोकं तीन वाढली. सरांची सगळी पोरं झपाट्यानं वाढली.

"अरे नतद्रष्टांनो!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की पागेतले सगळे घोडे कान टवकारून उभे राहिले. "या सगळे इकडे! आणि शिंपीणबाई, तुमची टेप आणा!"

५

सगळे फरशीभोवती जमले. बाईंनी काठी आडवी ठेवली. शिंपीणबाईंनी बुडापासून टेप धरली आणि काठीवरच्या शंभरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली आणि टेप पुन्हा लावली. "सत्त्याण्णवच आहे!"

"बुडातून तीन सेंटिमीटर कापलेत," बाई म्हणाल्या. "म्हणून ही काठी जे मोजते ते तीननं वाढतं. बुटक्या सत्तेचाळीसच आहे. दाखला खरा आहे. ही पोर एकशे त्रेपन्न आहे, विजार तेच सांगत होती. मामांचे खांब जागच्या जागी आहेत. इथे कोणी वाढलं नाही, सर! तुमच्या खाण्यापिण्यानंसुद्धा नाही!"

सरांनी वाकून टेपवरचा आकडा स्वतः वाचला.

बाईंनी पक्कड मागवून पितळी टोपण उचकटलं. आत लाकूड पांढरं, ताजं कापलेलं. टोपण चार खिळ्यांनी ठोकलेलं होतं. खिळ्यांची डोकी गोल नव्हती, चौकोनी होती, नालाच्या खिळ्यांसारखी.

सगळ्यांच्या नजरा नालबंदाकडे वळल्या. तो शांतच होता. "असले खिळे पागेत जागोजाग पडलेले असतात, बाई. कोणीही उचलेल."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "म्हणून मी खिळ्यांवर जात नाही. काठी कोणी कापली नाही, ते आधी बघू. मामा रोज सकाळी हीच काठी खांबांना लावतात. त्यांनी कापली असती तर 'माप जुळत नाही' म्हणून महिनाभर सरांच्या शिव्या खायला गेले असते का? गप्प बसले असते. सरांनी तपासायचा हुकूम स्वतः दिलेला. त्यांनी कापली असती तर खांबांवरून आरडाओरडा केला नसता, ते तपासणंच बंद करायला सांगितलं असतं. सर मूर्ख आहेत, पण हे त्यांनी केलेलं नाही."

"बाई!" सर म्हणाले.

"गप्प बसा. दलाल इथे काल पहिल्यांदा आला आणि खांब त्याआधी महिनाभर बिघडलेत. म्हणजे कापणारा माणूस असा, की ज्याला पागा ठाऊक, सरांचा एकशे पंचावन्नचा नियम ठाऊक, म्हणजे काठी कापली की घोडा विकायलाही निघेल आणि स्वस्तही होईल हे ठाऊक, पण सकाळी ही काठी खांबांवर फिरते हे मात्र ठाऊक नाही. त्यानं ती कायम भिंतीला टेकलेलीच बघितलीय. कारण तो येतो दुपारी, जेवण झाल्यावर." बाई मामांकडे वळल्या. "खांब कधीपासून बिघडले म्हणालात?"

"नाल बदलले त्याच्या दुसऱ्या सकाळपासून," मामा हळूच म्हणाला.

टिकली म्हणाली, "काका?"

६

नालबंद बाईंकडे बघत राहिला असता, कदाचित आणखी खोटंही बोलला असता. पण त्या एका हाकेनं त्याचा तोल गेला.

"हो, मी! काय चुकलं माझं?" तो ओरडला. "पाय मी केले त्याचे! लंगडा तट्टू होता तो, लोक हसत होते! चार वर्षं एकेक केस तासल्यासारखं तासलं मी, दोन वर्षं तर फुकट! विकायचा झाला तर मला काही द्याल का, असं हिच्या आईला एकदा विचारलं, तर ती हसली! थट्टा वाटली तिला! हा दलाल म्हणाला, स्वस्तात मिळवून दे, पुढे माप पुन्हा काढून आठ लाखांना विकू, निम्मे तुझे. बोल ना रे आता!"

"मी याला ओळखतसुद्धा नाही," दलाल घाईघाईनं उठत म्हणाला. "उलट, पोनी खरा असेल तर उत्तमच. बाईसाहेब, मी आठ देतो. आत्ता. साडेआठ."

"तू माझ्या दारात पुन्हा दिसलास तर कात्रीनं तुझा कोट कातरीन," शिंपीणबाई म्हणाली. मग नालबंदाकडे वळली. तिचा आवाज खाली आला, पण राग तसाच होता. "मी हसले ते चुकलं माझं. तेव्हाच तोंडावर बोलायचं होतंस. भांडायचं होतंस. माझ्या पोरीला लबाड ठरवलंस तू? तुझ्या शेजारी बसून बुटक्याचा पाय धरून होती ती, तेव्हाही तुला काही वाटलं नाही?"

नालबंदानं मान खाली घातली.

"आणि तुम्ही!" बाई सरांवर उलटल्या. "यानं काठी कापली, पण पोरीचं नाव कोणी कापलं? तीन वर्षं ही तुमच्या हाताखाली आहे. हिची एक लबाडी दाखवा मला. म्हाताऱ्यानं महिनाभर सांगितलं, त्याचा पगार कापायला निघालात. लाकडाच्या दांडक्यावर विश्वास ठेवलात, माणसांवर नाही ठेवलात. पत्र पाठवणार होतात ना? पाठवा. काठी कापली होती असं लिहून पाठवा. पण आधी फडकं घ्या आणि ते कपाट पुसा."

"ते मी लिहिलेलं नाही, पोरांनी..."

"पोरांनी तुमचं ऐकून लिहिलं. पुसा!"

सरांनी फडकं घेतलं. पूर्ण पुसून होईपर्यंत बाई कमरेवर हात ठेवून मागे उभ्या होत्या. खडू कोपऱ्यात राहिला होता, तोही त्यांनी दाखवून पुसून घेतला. मामाचा पगार कापणार नाही, हेही तिथल्या तिथे वदवून घेतलं.

पाचाला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी कागद काढला आणि पिंपावर ठेवून लिहायला लागल्या. उंची एकशे सत्तेचाळीस. वय अकरा. स्वभाव शांत. नऊ पदकं, सर्व खरी. मग पेन थांबलं. त्यांनी नालबंदाकडे एक जळजळीत नजर टाकली, दात-ओठ खाल्ले आणि लिहिलं: 'खुरं निर्दोष. चार वर्षांपूर्वी लंगडा होता. हे सगळं काम नालबंदाचं.' खरं ते खरं, कितीही राग आला तरी. खाली आकडा घातला, आठ लाख, आणि सही केली.

"घ्या. योग्य किंमत."

शिंपीणबाईंनी कागद वाचला. मग पोरीला खोलीच्या दाराशी उभं करून टेप लावली, टाचेपासून टाळूपर्यंत, दोनदा.

"त्रेपन्न," ती म्हणाली. "सर, तुमच्या नियमानं अजून दोन सेंटिमीटर बाकी आहेत. एक हंगाम तरी निघेल. घोडा विकायचा नाही."

टिकली पहिल्यांदा हसली. धावत जाऊन तिनं बुटक्याच्या मानेला मिठी मारली. मग खाली वाकली, त्याचा पुढचा पाय नालबंदानं शिकवला होता तसाच दोन गुडघ्यांत धरला आणि उघड्या खुरावरून बोट फिरवलं.

नालबंद पेटी उचलून फाटकाकडे निघाला होता. ती तशीच वाकलेली राहून म्हणाली, "काका, मग आता याचे नाल कोण ठोकणार?"

तो थांबला. त्यानं एकदा शिंपीणबाईंकडे बघितलं. ती तोंड फिरवून टेप गुंडाळत होती, पुन्हा पुन्हा सुटणारी टेप पुन्हा पुन्हा गुंडाळत होती.

नालबंदामागे फाटक वाजलं. टिकली अजून पाय धरून वाकलेलीच होती.